जनरलसाहेबांची खुर्ची

या शहरात अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातले सेनापती इतक्या घरांत जेवले, इतक्या पलंगांवर झोपले आणि इतक्या खुर्च्यांवर टेकले म्हणतात, की बिचाऱ्यांना लढायला वेळ कधी मिळाला असा प्रश्न कोणालाही पडावा. नुन्झिया बेलफिओरेला तो कधी पडला नाही. फिलाडेल्फियाच्या दक्षिण भागातल्या एका चिंचोळ्या गल्लीत थ्रॅशर हाऊस नावाचं म्युझियम आहे. एकावर एक तीन खोल्या, बस्स. तिथे येणाऱ्यांना घर दाखवायचं काम ती वीसेक वर्षं करत होती. ओबेड थ्रॅशर हा जहाजांचे दोरखंड वळणारा माणूस. त्याच्याकडे एका हिवाळ्यात जनरलसाहेब आले, खुर्चीवर बसले, ओले बूट शेकोटीपुढे सरकवून मिरीचं झणझणीत सूप प्याले आणि म्हणाले, "थ्रॅशर, तुझ्या दोरावर हा देश तरेल!" हे वाक्य नुन्झियाचं स्वतःचं. एकदा सहज बोलून गेली, एका शाळेच्या बाईंना ते फार आवडलं, मग ते राहूनच गेलं. कोणते जनरल, असं कुणी विचारलंच तर ती "मोठे" एवढंच सांगायची.

घराचं म्हणाल, तर मूळ घर केव्हाच जळून गेलं होतं. हे त्याच जागेवर मागाहून बांधलेलं. पलंग दुसऱ्या गावचा, भांडीकुंडी तिसऱ्याच कुणाची, आणि खालच्या खोलीतल्या देखण्या खुर्च्या सरळ कारखान्यातून आणलेल्या. थ्रॅशरच्या काळातली म्हणावी अशी एकच वस्तू होती, ती म्हणजे लाकडी कठड्यामागे ठेवलेली जनरलसाहेबांची खुर्ची. तीही त्या काळातली असं नुन्झिया म्हणायची म्हणून. खुर्ची अगदीच दीनवाणी होती. बैठक तर काळपट दोरानं विणलेली. देशाचा सेनापती असल्या सुंभावर बसला हे नुन्झियाला काही सहन होईना. तिनं बहिणीच्या जुन्या पडद्याची लाल मखमली उशी शिवली, तिला सोनेरी झालर लावली आणि दोर नावालाही दिसणार नाही अशी ती खुर्चीवर बसवली. शिवाय अधूनमधून पॉलिशचा हात होताच. खुर्ची कशी लखलखायची.

आता सगळं त्या खुर्चीवर येऊन ठेपलं होतं. घर ज्यांच्या ताब्यात होतं त्या वारसा मंडळाला ते नकोसं झालं होतं. शहरात जुनी घरं उदंड, बघायला येणारे थोडे, त्यात हे घर तर जुनंही नाही. एका बिल्डरचा त्याच्यावर डोळा होता. मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनी एवढीच मेहरबानी केली की डॉ. एल्ड्रिज कॅलोवे नावाच्या जुन्या लाकूडसामानाच्या तज्ज्ञाला खुर्ची दाखवायची. अस्सल निघाली तर घर राहील, नक्कल निघाली तर कुलूप. नुन्झियाचा नवरा गेल्यापासून हे घर हाच तिचा संसार होता. ते बंद झालं तर सकाळी उठून, केस विंचरून, लिपस्टिक लावून जायचं कुठे, हे तिला खरोखर माहीत नव्हतं. या विचारानं तिला झोप येत नव्हती आणि झोप न आल्यानं ती जो भेटेल त्याच्यावर खेकसत होती.

डॉक्टर यायचे त्याच्या आदल्या रात्री नेमका बर्फ पडला, आणि सकाळीच त्यांचा फोन आला.

"गाडी लावायला जागा आहे ना तिथे? मला आज आणखी दोन घरं बघायची आहेत. जागा नसेल तर मी थांबत नाही. फोटोवरूनच काय ते कळवतो."

"आहे की जागा! हवी तेवढी!" नुन्झियानं ठोकून दिलं आणि फावडं घेऊन ती बाहेर धावली.

गल्लीत जागा म्हणजे दोन्ही कडेला बर्फाचे ढीग आणि ढिगांखाली गाड्या. पण बर्फाच्या दिवसांत या भागाचा एक कायदा आहे. जो बर्फ उपसेल त्याची जागा. त्यानं तिथे खुर्ची ठेवायची. मग तो दिवसभर कुठेही जाऊ दे, ती खुर्ची हलवायची कोणाची छाती नाही. पोलीस दरवर्षी सांगतात की असं करू नका, लोक दरवर्षी मान डोलावतात आणि खुर्ची ठेवतात. सख्खे भाऊ खुर्ची हलवल्यावरून बोलेनासे झालेले या गल्लीनं पाहिले आहेत.

"काय गं नुन्झी, जनरल येतायत का परत?" समोरच्या पायरीवरून गेतानो ओरडला. गेतानो म्हणजे गोदीतून निवृत्त झालेला, डोक्यावर बारा महिने फुटबॉल संघाची हिरवी टोपी घालणारा तिचा शेजारी.

"डॉक्टर येतोय. फावडं घे आणि ये. तोंडानं बर्फ निघत नाही."

"कुणाला बरं नाही?"

"मला! तुझं थोबाड सकाळी सकाळी बघितल्यापासून! येतोस का?"

गेतानो आला. त्यानं कंबर धरत, देवाचं नाव घेत, मधूनमधून बर्फालाच शिव्या घालत बराचसा ढीग एकट्यानं उपसला. एक गाडी ऐसपैस मावेल एवढी जागा झाली, तेव्हा नुन्झियाला आठवलं की उशीला इस्त्री करायची राहिलीय.

"गेतानो, मी वर जाते. आतून एखादी खुर्ची आणून ठेव इथे, माझ्या राजा. लगेच, नाहीतर कुणीतरी घुसेल."

"आत? तुझ्या म्युझियममध्ये?"

"चावत नाही ते."

गेतानो त्या गल्लीत जन्मला, वाढला, म्हातारा झाला. थ्रॅशर हाऊसच्या आत मात्र त्यानं कधी पाऊल टाकलं नव्हतं. समोरच तर आहे, जाऊ कधीतरी, असं म्हणता म्हणता जन्म गेला. आता तो बूट झटकून आत शिरला. खालच्या खोलीत देखण्या, कोरीव पाठीच्या खुर्च्या ओळीनं मांडलेल्या होत्या. मागच्या बोळात एक कळकट खुर्ची एकटीच होती. बैठक दोराची, एक पाय किंचित आखूड. नुन्झियानं पहाटे तिचं जुनं पॉलिश पुसून काढून, नवा हात द्यायला म्हणून ती तिथे ठेवली होती, पण हे गेतानोला कुठून ठाऊक असणार? आणि या बाबतीत गल्लीतल्या लहान पोरालाही शिकवावं लागत नाही. चांगली खुर्ची कुणी रस्त्यात ठेवत नाही. बर्फ ढकलणारी गाडी आली तर चक्काचूर व्हायचा. घरातली सगळ्यात टाकाऊ असेल तीच ठेवायची. गेतानोनं ती काखोटीला मारली, जागेच्या बरोबर मधोमध ठेवली, चांगलं काम केल्याच्या समाधानात टोपी सारखी केली आणि तो कॉफी प्यायला घरी गेला.

नुन्झिया वरच्या खोलीत झालरीच्या घड्या मोडत असताना दाराची घंटा वाजली. दारात डॉ. कॅलोवे उभे. उंच, बारीक, सोनेरी काड्यांचा चष्मा. एवढ्या थंडीत अंगावर ओव्हरकोट नाही, नाक लालबुंद झालेलं, आणि चेहरा मात्र लॉटरी लागल्यासारखा.

"अगं बाई, तुमचा कोट?"

"गाडीत आहे. राहू दे. मला उकडतंय!"

दात वाजत असताना हे म्हणणारा माणूस नुन्झियानं पहिल्यांदाच पाहिला. मोठ्या विद्वानांचं असंच असतं म्हणून तिनं त्यांना आत घेतलं.

"जागा मिळाली ना गाडीला?"

"मिळाली, मिळाली! फारच छान जागा!" डॉक्टर म्हणाले आणि कारण नसताना हसले.

नुन्झियानं घर दाखवायला सुरुवात केली. डॉक्टर दर मिनिटाला खिडकीशी जाऊन आपल्या गाडीकडे बघून येत होते. तिनं पलंग दाखवला, त्यांनी खिडकी बघितली. तिनं शेकोटी दाखवली, त्यांनी खिडकी बघितली. जनरलसाहेबांचं सूप आणि ते दोराचं वाक्य तिनं आवाज भरून सांगितलं, तेव्हा हे गृहस्थ पडदा बाजूला करून बाहेर डोकावत होते. नुन्झियाच्या अंगाचा तिळपापड झाला. पण घर वाचवायचं होतं. ती गोड हसली.

"आता मुख्य वस्तू. ही जनरलसाहेबांची..." ती हात करून म्हणाली, आणि कठड्यामागे फक्त जमीन होती. "थांबा हं. पुसायला काढलीय. आणतेच."

ती बोळात गेली. बोळ रिकामा. तिनं दाराआड बघितलं, जिन्याखाली बघितलं, आणि मग तिला गेतानो आठवला. स्वेटर न घालताच ती रस्त्यावर आली आणि गल्ली दणाणेल अशी ओरडली, "गेतानो!"

गेतानो कपासकट बाहेर आला.

"कोणती खुर्ची ठेवलीस?"

"बोळातली. तूच म्हणालीस ना, एखादी."

"बोळातली! अरे माणसा, समोर एवढ्या खुर्च्या होत्या!"

"त्या? चांगल्या खुर्च्या रस्त्यात ठेवू? डोकं फिरलंय का माझं? जी बघून चोरालाही दया येईल ती ठेवली."

"ती जनरलसाहेबांची खुर्ची होती!"

गेतानोनं कॉफीचा घोट घेतला. "मग त्यांना जरा बरी द्यायची होतीस," तो म्हणाला.

नुन्झियानं वळून बघितलं. जागेवर डॉक्टरांची चकचकीत गाडी उभी होती. खुर्ची कुठेच नव्हती. ना गाडीपुढे, ना मागे, ना कडेच्या बर्फावर. आता गेतानोचाही चेहरा उतरला. जनरलचं त्याला काही नव्हतं. पण खुर्ची हलवली? आपल्या गल्लीत?

तेवढ्यात शेजारच्या घराच्या वरच्या खिडकीवर आतून धपाधप बुक्के बसू लागले. खिडकी करकरत उघडली आणि मिस ओडेसांचं डोकं बाहेर आलं. या ओडेसाबाई पूर्वी बस चालवायच्या. आता दिवसभर खिडकीत बसून गल्ली चालवतात.

"चष्मेवाल्यानं नेली!" त्या ओरडल्या. "ज्याची गाडी आहे त्यानंच! मी सगळं बघितलं!"

"आणि गप्प बसलात?"

"गप्प कसली! खिडकी गोठून चिकटलीय, केव्हाची झुंजतेय तिच्याशी! काय सांगू तुला, आधी खुर्चीभोवती फिरला. मग गुडघ्यावर बसला. मग तिला उलटी केली आणि खालून हुंगली. हुंगली गं! मला वाटलं, गेला कामातून. मग इकडेतिकडे बघितलं, अंगातला कोट काढला, तान्ह्या बाळासारखी तिला गुंडाळली आणि ठेवली गाडीत!"

"मी पाण्याचा पाइप आणतो," गेतानो शांतपणे म्हणाला. खुर्ची हलवणाऱ्याच्या गाडीवर पाणी मारायचं आणि ते रात्रभर गोठू द्यायचं, ही इथली जुनी शिक्षा. "वसंतात घेऊन जाईल म्हणावं गाडी."

नुन्झिया थांबली नाही. त्या माणसाची गचांडी धरायची, खुर्ची बाहेर काढायची आणि मग रडायचं, एवढं ठरवून ती आत घुसली. डॉक्टर कठड्याशी उभे होते. बाहेरची ओरड बंद काचांआड त्यांच्या कानापर्यंत पोचलेली दिसत नव्हती. हातात मंडळानं पाठवलेला खुर्चीचा फोटो होता, त्यात लाल उशी झगमगत होती.

"बाई, खुर्ची आणायची तसदी घेऊ नका," ते म्हणाले. "खरं सांगू का? फोटो पाहूनच माझं मत झालं होतं. ही नक्कल आहे. तीही वाईट. हे पॉलिश, ही मखमल, ही झालर! असलं सामान लग्नाच्या हॉलमध्ये ठेवतात. तुमच्या अध्यक्षीणबाईंना मी काल तसं बोललोही."

म्हणजे निकाल कालच लागला होता, आणि हा आज नुसता मिरवायला आला होता. नुन्झियानं तोंड उघडलं. पण डॉक्टरांना आता राहवेना. ते पुढे वाकले आणि कुजबुजले,

"अस्सल कशाला म्हणतात ते बघायचंय?"

"कशाला म्हणतात?"

"आजच सकाळी मिळाली मला. तुमच्याच गल्लीत! कुणीतरी चक्क रस्त्यात टाकून दिलेली! आमच्याकडे लोक नको असलेलं सामान असंच बाहेर ठेवतात, हवं त्यानं न्यावं. पण असली चीज? बाई, तुम्हा लोकांना आपण काय फेकतो याची कल्पना तरी आहे का? थेट त्या काळातली! मला शंकाच नाही!"

नुन्झियानं उघडलेलं तोंड मिटलं. तिच्या ओळखीच्या लोकांपैकी कुणालाही हे खरं वाटलं नसतं, पण ती गप्प बसली. बाहेर गाडीत कोटात गुंडाळलेली ती खुर्ची आणि समोर हा माणूस, या दोघांच्या मध्ये तिचं घर वाचायची वाट होती, आणि एक शब्द चुकला असता तर ती बुजली असती.

"तुम्हाला काय, दुरून बघून वाटलं असेल," ती हळूच म्हणाली.

"दुरून? मी तिच्या खालच्या लाकडाचा वास घेतलाय! माझं सगळं नाव पणाला लावतो."

"मग आणा ना आत. आम्हा अडाण्यांना कधी बघायला मिळणार?"

असं कुणी म्हणावं म्हणूनच विद्वान जगत असतात. डॉक्टर धावतच बाहेर गेले. पाइप घेऊन उभ्या असलेल्या गेतानोला नुन्झियानं डोळ्यांनीच थांबवलं. त्यानं पाइप काखेत धरून अदबीनं दार उघडलं आणि डॉक्टरांच्या मागोमाग तोही आत आला. त्याच्या मागून, अंगावर शाल ओढत, मिस ओडेसा.

डॉक्टरांनी कोट उलगडला. कळकट खुर्ची समोर आली आणि ते रंगात आले.

"बघा! एकही खिळा नाही. सगळे सांधे लाकडाचे. आणि ही बैठक! साधं गवत नाही, जहाजाचा दोर. अजून डांबराचा वास येतो. असली बैठक कोण विणणार? सुतार नाही विणणार. ज्याच्या घरात दोराचे ढीग पडलेत असा माणूसच विणणार. उदाहरणार्थ एखादा दोरखंड वळणारा..."

ते थांबले. स्वतःचंच वाक्य त्यांना पुढे नेता येईना.

नुन्झियानं काही न बोलता खुर्ची उचलली, कठड्यामागे नेली आणि जागच्या जागी ठेवली. जमिनीवर पडलेल्या जुन्या खळग्यांत चारही पाय बरोबर बसले. मग तिनं वरून लाल उशी आणली, ताज्या इस्त्रीची, आणि ती बैठकीवर दाबून बसवली. झालर लोंबू लागली. डॉक्टरांनी खुर्चीकडे बघितलं, फोटोकडे बघितलं आणि पुन्हा खुर्चीकडे.

"ही," त्यांनी बारीक आवाजात विचारलं, "रस्त्यात कशाला ठेवली होती?"

"तुमच्यासाठी," नुन्झिया म्हणाली. "तुमच्या गाडीला जागा हवी होती ना?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "तसं म्हटलं तर, उजेड वेगळा होता. मला पुन्हा एकदा सावकाश तपासून..."

"तपासा की," गेतानो म्हणाला. "कोटात गुंडाळून पळवायला अस्सल, आणि इथे ठेवायला नक्कल?"

"आणि हुंगायला?" मिस ओडेसा म्हणाल्या. "मी वरून सगळं बघत होते, बाबा."

"तुम्ही दोघं गप्प बसा," नुन्झिया म्हणाली. "डॉक्टरसाहेब, मला तुमची फजिती करून काही मिळणार नाही. मला सकाळी इथे यायचंय, एवढंच. बाईंना फोन लावा. जे कोट काढताना वाटलं तेवढंच सांगा. खुर्ची कुठे बघितलीत ते सांगायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा."

डॉक्टरांनी फोन लावला. गेतानोनं त्यांच्या हातातला फोन पुढे होऊन टेबलावर ठेवला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा केला.

"नक्कल ना?" अध्यक्षीणबाईंचा खणखणीत आवाज आला. "मग मी बिल्डरला कळवून टाकते."

"नका कळवू," डॉक्टर म्हणाले. "अस्सल आहे."

"अहो, काल तर तुम्ही लग्नाच्या हॉलमधली म्हणालात!"

"काल फोटो होता. आज मी ती... हाताळली. अगदी उघड्यावर, भर उजेडात. ओबेड थ्रॅशरचीच आहे. मी लिहून देतो."

पलीकडे कागद चुरगाळल्याचा आवाज आला. बिल्डरचं पत्र असावं.

"बरं. मग घर ठेवायलाच हवं," बाई नाखुशीनं म्हणाल्या. "खुर्चीची अवस्था कशी आहे?"

डॉक्टरांनी खुर्चीकडे बघितलं. पायांवरून वितळलेल्या बर्फाचे थेंब ओघळत होते.

"थोडी ओली आहे," ते म्हणाले आणि त्यांनी फोन बंद केला.

नुन्झिया भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. गेतानोसमोर रडायची तिची इच्छा नव्हती, पण रडू आलंच. घर राहिलं म्हणून आलं, आणि आणखी एका गोष्टीनं आलं. इतकी वर्षं ती छातीठोकपणे सांगत आली होती, पण मनातून तिचा स्वतःचाच त्या खुर्चीवर विश्वास नव्हता. मोडकी सुंभाची खुर्ची, कुणीतरी कधीतरी आणून टाकली असेल, असंच तिला वाटायचं. म्हणून तर ती उशी. आणि खुर्ची तर खरीच निघाली. ओबेड थ्रॅशरनं आपल्या हातानं विणलेला दोर ती इतकी वर्षं पडद्याच्या कापडाखाली झाकत होती.

"नुन्झी," गेतानो मागून म्हणाला. त्यानं टोपी काढून हातात घेतली होती. "मग तो जनरल खरंच बसला होता त्यावर?"

"आता बसलाच असेल," ती डोळे पुसत म्हणाली.

मागे कसलातरी करकर आवाज झाला. एवढ्या सगळ्यानंतर डॉ. कॅलोवेंना कुठेतरी टेकायचं होतं. त्यांनी कठड्याचा आधार घेतला, तो ओलांडला आणि जवळ दिसली त्या खुर्चीवर, लाल उशीवर, डोळे मिटून अंग टाकलं, तशी नुन्झिया विजेसारखी वळली. त्या खुर्चीवर तिनं आजवर दमलेल्या म्हाताऱ्यांना बसवलं होतं, रडक्या पोरांना बसवलं होतं, दुपारी कुणी नसताना स्वतः बसून सँडविच खाल्लं होतं.

"अहो, उठा! आधी उठा तिथून!" ती किंचाळली. "आता अस्सल आहे ती!"